तिसरा शिपाई

नाकाला रुमाल लावू नका. या वासाची इथे सगळ्यांना सवय झाली आहे. तुम्ही नाक दाबलंत की तुम्ही बाहेरचे आहात हे गल्लीभर कळेल.

त्यापेक्षा वास वेगवेगळे करता येतात का बघा. घशाला झोंबतोय तो गंधकाच्या धुरीचा. रस्त्यावर नुकतंच ओतलेलं, डोळ्यांत पाणी आणणारं ते कार्बोलिक. मधूनच गूळ, हळद, लाल मिरची आणि गोणपाटाचा उबट वास येतो, तो दोन्ही बाजूंच्या वखारींमधला. आणि या सगळ्यांच्या तळाशी, त्या अंधाऱ्या जिन्याखालून एक गोडसर, नकोसा वास येतोय. तिकडे जाऊ नका. तिथे उंदीर मरून पडलाय.

ही मुंबई आहे, 1896 सालचा डिसेंबर. तुम्ही मांडवीत, मशीद बंदराजवळच्या धान्याच्या वखारींमध्ये उभे आहात. सप्टेंबरात याच वस्तीत अकासिओ व्हिएगस नावाच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रोग्याच्या जांघेतली गाठ चाचपली आणि जे नाव कुणालाच ऐकायचं नव्हतं ते उच्चारलं. प्लेग.

तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे, आणि हीच तुमची अडचण. तो उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवी ऊब शोधत निघतात आणि माणसाच्या पोटरीला चावतात, हे तुम्ही शाळेत शिकलात. इथे ते कुणालाच ठाऊक नाही. लोक हवेला दोष देतात, गटारांना देतात, कुणी ग्रहांना देतात. दोन वर्षांनी पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर कराचीत उंदराच्या पिसवेवर बोट ठेवेल, आणि त्याचंही म्हणणं कुणी चटकन मानणार नाही. मग तुमचं कोण मानेल? करून बघा हवं तर. त्या हमालाला थांबवून सांगा, “बाबा, उंदरापासून लांब राहा, पिसू चावते.” तो पाठीवरची गोण सावरतो, तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघतो आणि निघून जातो.

तुम्हीही चालायला लागा. भायखळ्याला पोचायचंय.

वाटेत चाळींच्या दारांवर तांबड्या रंगातल्या खुणा दिसतील. काही छपरांची कौलं काढून टाकली आहेत. आत ऊन आणि वारा शिरावा म्हणून सरकारी माणसांनी ती काढली. घरातली बाई त्या उघड्या आभाळाखाली भाकऱ्या थापतेय. भिंतींना चुना फासलाय, ओल्या चुन्याचा थंड वास येतो. घोड्यांची ट्राम घंटा वाजवत जाते, पण तिच्यात माणसं मोजकीच. गर्दी बघायची तर बोरीबंदरला जा, नाहीतर भाऊच्या धक्क्यावर. ट्रंका, वळकट्या, पाण्याच्या घागरी, कडेवरची पोरं, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. जो तो गावी निघालाय. आठ लाखांच्या वर वस्ती असलेल्या या शहरातून जवळपास निम्मी माणसं येत्या दोन-तीन महिन्यांत निघून जातील. मग गिरण्यांना मजूर मिळेनासे होतील आणि नाक्यांवर रोजंदारीचा लिलाव चालेल, बोली चढत जाईल. सोनापूरच्या स्मशानाच्या बाजूने येणारा धूर मात्र रात्रंदिवस सारखाच राहतो. तिकडे बघून लोक हात जोडतात आणि पावलं उचलतात.

आलं भायखळा. हे जे. जे. रुग्णालय आणि हे शेजारचं ग्रँट मेडिकल कॉलेज. आत शिरा. इथे तुमची नोकरी आहे.

*

आज तुम्ही कोणीही असा, बँकेत असा, शाळेत शिकवत असा, घर सांभाळत असा. इथे तुमच्या अंगात खाकी कोट आहे आणि कमरेला पट्टा. जगातल्या सगळ्यात भयंकर रोगावर औषध शोधायला सरकारने पाठवलेल्या साहेबाला जागा मिळाली आहे एक खोली आणि एक व्हरांडा. माणसं मिळाली आहेत एक कारकून आणि तीन शिपाई. त्यांतले तिसरे शिपाई तुम्ही.

खोलीत पाय टाकताच पहिला धक्का नाकालाच बसतो. बाहेर मृत्यूचा वास आणि आत चक्क मटणाचा! बोकडाचं मटण बारीक करून तीव्र आम्लात घातलंय, ते मंद आचेवर विरघळतंय. नंतर कॉस्टिक सोड्याने त्या पाण्याची आंबटी मारायची, फडक्याने गाळायचं, आणि काचेच्या चंबूंत भरायचं. गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग येतो. मग प्रत्येक चंबूत थोडं तूप. हो, तूप! वितळलेल्या तुपाचे थेंब त्या रश्श्यावर तरंगू लागतात आणि खोलीत क्षणभर सणासुदीच्या स्वयंपाकघराचा भास होतो.

बोकडच का, हे कारकून तुम्हाला हळूच सांगतो. गाय नको आणि डुक्करही नको, म्हणजे उद्या कुणाच्याही दंडात सुई टोचताना कुणाच्याच धर्माला बट्टा लागणार नाही. साहेबाने रोग्याच्या आधी त्याच्या स्वयंपाकघराचा विचार केलाय.

चंबू उकळून निर्जंतुक केले जातात. थंड झाल्यावर साहेब स्वतः दिव्याच्या ज्योतीत तार लाल करतात, ती निववतात, प्लेगचे जंतू उचलतात आणि रश्श्यात सोडतात. कापसाचा बोळा तोंडाशी. त्यानंतर तुमचं काम सुरू होतं, आणि ते काम आहे काहीही न हलवण्याचं.

चंबूला धक्का लागता कामा नये. फळीपाशी पाय आपटायचा नाही, दार दाणकन लावायचं नाही. तुपाच्या थेंबांना धरून जंतू वाढतात आणि खालच्या पाण्यात पांढरे धागे लोंबू लागतात, कौलांवरून पागोळ्या लोंबाव्यात तसे. उजेडासमोर धरून बघायचा मोह होईल. धरू नका, जराशा हिसक्यानेही धागे तुटतात. पुरते वाढले की साहेब येतात, चंबू उचलून हलवतात आणि सगळ्या पागोळ्या बर्फासारख्या तळाशी बसतात. मग पुन्हा फळीवर, पुन्हा नवे धागे. असं आठवड्यामागून आठवडे. सगळं शहर सैरावैरा धावतंय आणि तुम्ही श्वास रोखून शांतता राखताय. त्या काचेत शेकडो माणसं मारता येतील एवढा प्लेग जिवंत आहे. हात कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून बुडवून बोटांची कातडी सोलली आहे, आणि तरी जेवताना ती बोटं तोंडाजवळ नेताना तुमचा हात अडखळतो.

साहेबांकडे एकदा नीट बघून घ्या. वॉल्डेमार हाफकिन. वय छत्तीस. ताठ बसणं, थोडं बोलणं. दिवसाचे बारा-चौदा तास ते या खोलीत असतात. हा वेग सगळ्यांना झेपत नाही: एका सहायकाचं मन साफ ढासळलं, दोघे काम सोडून गेले. रात्री कंदिलाच्या उजेडात कारकून साहेबांची हकिकत सांगतो. काळ्या समुद्रावरचं ओडेसा हे त्यांचं गाव. मेचनिकॉव्ह नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाचे ते शिष्य. शिकले प्राणिशास्त्र, वैद्यकीची पदवी नाही, म्हणून इथले काही गोरे डॉक्टर नाक मुरडतात. ज्यू असल्यामुळे मायदेशी वाट बंद झाली, तेव्हा पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत गेले. तिथे जागा मिळाली ती ग्रंथालयात! पुस्तकं लावता लावता उरलेल्या वेळात पटकीवर लस तयार केली, आणि 1892 च्या जुलैत ती पहिल्यांदा टोचली ती स्वतःला. पुढच्या वर्षी हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांत, आसामच्या मळ्यांत, छावण्यांत हिंडून बेचाळीस हजारांवर माणसांना पटकीची लस टोचली. मलेरियाने आडवे झाले, विलायतेला गेले, बरे होऊन परत आले. आणि आता इथे, तुमच्यासमोर, चंबूच्या तळाशी बसलेला पांढरा गाळ बघतायत.

साथीच्या रोगांवर संशोधन करणं म्हणजे काय, हे तुम्हाला या खोलीत अंगाने कळतं. पाठ दुखते, डोळे चुरचुरतात, आणि बाहेरून तिरडीमागच्या लोकांचा आवाज येतो तेव्हा चंबूला सांगता येत नाही की बाबा, जरा लवकर वाढ.

*

जेवायला मावशीच्या खानावळीत या. कोकणातून आलेली ही विधवा बाई चाळीतल्या खोलीत वीस-पंचवीस गिरणीवाल्यांना दोन वेळचं जेवू घालायची. आता पंगतीला सात जण उरलेत. नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, वर चिरलेला कांदा. चुलीच्या धुरात कडुनिंबाचा पाला टाकलाय, त्याने डोळे भरून येतात.

“काय रे, त्या गोऱ्याकडे तू विष शिजवतोस म्हणे?” मावशी विचारते.

तुम्ही खुलून सांगायला लागता. विष नाही मावशी, लस आहे. वाढवलेले जंतू सुमारे सत्तर अंशांवर तासभर तापवून मारतात, वर थोडं कार्बोलिक घालतात. मेलेले जंतू अंगात गेले की शरीर त्यांना ओळखून ठेवतं, आणि पुढे जिवंत आले तर तयार असतं. तुम्ही फार चांगलं समजावता. एकविसाव्या शतकातली सगळी हुशारी पणाला लावता.

पंगतीतला एक जण म्हणतो, सुई हातभर लांब असते. दुसरा म्हणतो, इस्पितळात नेतात ते माणसाला उलटं टांगून अंगातलं तेल, मोमियाई, काढायला. तिसरा काही बोलत नाही. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा काखेत गोळा येऊन तिसऱ्या दिवशी गेला, आणि त्याला नेताना घरच्यांना शेवटचं पाणीही घालू दिलं नाही.

मावशी भाकरी उलटते. “तुझं सगळं ऐकलं. आता तुझा दंड दाखव.”

तुमच्या दंडावर काहीच नाही. तुम्ही गप्प बसता. या शहरात काय कमी आहे ते तुम्हाला आत्ता कळतं. माहिती तुमच्याकडे ढीगभर आहे. तिच्यावर ठेवायला विश्वास कुणाकडे नाही, आणि तो बोलून तयार होत नाही.

*

सशांवरचे प्रयोग झाले. 10 जानेवारी 1897 चा दिवस उजाडतो. खोलीत नेहमीपेक्षा कमी माणसं आहेत. कॉलेजचे प्राचार्य साक्षीला उभे आहेत, एका डॉक्टरांच्या हातात पिचकारी आहे. तुम्ही दाराशी उभे राहून मान तिरकी करून बघता. पिचकारीत दहा सीसी लस भरली आहे. पुढे लोकांना जेवढी टोचतील तिच्या कितीतरी पट.

साहेब कोट काढतात.

गाजावाजा नाही, भाषण नाही. सुई आत जाते. साहेबांच्या कपाळावरची एक शीर तेवढी उठते. संध्याकाळपर्यंत त्यांना ताप भरतो, टोचलेल्या जागी ठणका लागतो. हालचाली मंदावतात, डोळे लाल होतात. तुम्ही पाण्याचा तांब्या ठेवायला जाता तेव्हा तापाची धग तुम्हाला हातभर अंतरावरून जाणवते. या माणसाने तुमच्या हातांनी राखलेल्या चंबूतलं पाणी स्वतःच्या रक्तात घेतलंय. तुमच्या एखाद्या चुकीने त्या चंबूत दुसरंच काही शिरलं असेल तर? ही रात्र तुम्ही व्हरांड्यात बसून काढता. शेजारच्या इस्पितळातून विव्हळणं ऐकू येत राहतं.

ताप उतरतो. साहेब पुन्हा खुर्चीत. मग कॉलेजातले डॉक्टर पुढे होतात, विद्यार्थी होतात, शहरातली नामांकित माणसं येतात. आणि एके दुपारी तुम्हीही बाही वर करता.

थंड स्पिरिट. टोच. मग दंडात तापलेला खिळा शिरल्यासारखी जळजळ. रात्री हुडहुडी, घोंगडीवर घोंगडी, तोंडाला कडू चव, डोक्यात घण. दोन दिवस हात खांद्याच्या वर जात नाही. पण या वेदनेत एक विलक्षण समाधान आहे: तिसऱ्या दिवशी तुम्ही खानावळीत जाता आणि काही न बोलता बाही वर करता. सुजलेला, लालभडक दंड. मावशी चिमणी जवळ आणून बघते. बोटाने हलकेच दाबते. “दुखतंय?” “हो.” “आणि तू जिवंत आहेस.” “आहे.” ती चिमणी जागेवर ठेवते आणि कालवणाची वाटी तुमच्याकडे सरकवते. त्या दिवशी एवढंच.

जानेवारीच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरतो. उंच भिंती, कोंदट कोठड्या, पळून जायला वाट नाही. साहेब लस घेऊन जातात, तुम्ही पेटी उचलता. कैद्यांना विचारलं जातं, कोणाला टोचून घ्यायचंय? सुमारे निम्मे पुढे येतात. बाकीचे तसेच राहतात. दोघांचं जेवण तेच, कोठड्या त्याच, काम तेच. पुढच्या दिवसांत तुम्ही रोज फाटकापाशी जाऊन आकडे विचारता आणि फरक तुमच्या डोळ्यांसमोर उभा राहतो: न टोचलेल्यांमधले जास्त पडले आणि त्यांतले काही दगावले, टोचलेल्यांमध्ये पडणारे अगदी थोडे. लस म्हणजे चिलखत नाही, हे साहेबांनाही ठाऊक आहे. टोचूनही कुणाला प्लेग होतो. तरी आजवर जिथे हात रिकामे होते तिथे आता काहीतरी आहे.

मार्चमध्ये मावशी तुमच्याबरोबर निघते. लुगड्याचा पदर घट्ट, ओठ त्याहून घट्ट. रांगेत तिच्या पुढे एक शेठ आहेत, मागे एक भिस्ती. टोचताना ती तुमच्याकडे बघत राहते, साहेबांकडे नाही. तिने सुईवर विश्वास टाकलेला नाही, लशीवर नाही, गोऱ्या साहेबावर तर नाहीच. तुमच्या दंडावर टाकलाय. आणि पुढच्या आठवड्यात तिच्या पंगतीतले पाच जण येतात, ते तिच्या दंडाकडे बघून.

*

आता जरा झपाझप चला, वर्षं पायाखालून जातायत. लशीला मागणी वाढली, खोली पुरेना. आगाखानांनी आपल्या जमातीसमोर स्वतः टोचून घेतलं आणि प्रयोगशाळेला आपला खुश्रू लॉज दिला. तिथूनही सामान उचललं आणि 1899 च्या ऑगस्टात तुम्ही पोचलात परळला, गव्हर्नरांच्या जुन्या राजवाड्यात. जिथे मेजवान्या झडायच्या त्या दालनांत आता चंबूंच्या रांगा आहेत, भिंतीपासून भिंतीपर्यंत. बाहेर मोठी झाडं, आत मटणाच्या रश्श्याचा तोच वास. देशभर बाटल्या जातात. तुमच्या मिशा पांढऱ्या होऊ लागल्या आहेत.

आणि 1902 च्या नोव्हेंबरात, एका सकाळी, परळच्या त्या दालनात कुणीच कुणाशी बोलत नाही. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात टोचलेल्यांपैकी 19 माणसं धनुर्वाताने मेली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली.

तुमच्या घशाला कोरड पडते. तुम्हाला माहीत आहे ना काय झालं ते! तिथे बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. दोष त्या धुळीचा होता, परळच्या चंबूचा नव्हता. पण पुन्हा तेच: तुम्हाला माहीत आहे आणि तुमचं कोणी ऐकणार नाही. चौकशी समितीने बोट प्रयोगशाळेकडे दाखवलं. साहेबांना पदावरून दूर केलं गेलं. त्यांची खुर्ची रिकामी बघताना तुम्हाला वाटतं, माणसं वाचवलेली कुणाला दिसत नाहीत. जी मेली नाहीत त्यांची यादी कुठे लावणार?

खानावळीत त्या रात्री सगळे तुमच्याकडे बघतायत. “ऐकलंस ना? विषच निघालं,” कुणीतरी म्हणतं. तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही.

मावशी आता थकली आहे. ती चुलीपुढून उठते, बाही दंडापर्यंत सारते. “इतकी वर्षं झाली. हर साल टोचून घेतलं. बघा, दंड आहे माझ्याच खांद्याला.” मग तुमच्याकडे वळून, आवाज खाली आणून विचारते, “त्या एकोणीस जणांच्या घरी कोण गेलं रे? साहेब गेले असते तर बरं होतं.” थोडं थांबून पुन्हा, “साहेब परत येतील?”

तुम्ही काय सांगणार? रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञ 1907 साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहितील, साहेब निर्दोष ठरतील, पण परत येतील ते कलकत्त्याला, परळला नाही. 1930 साली दूर स्वित्झर्लंडमधल्या लोझानला, एकटेच, ते जातील. हे सगळं त्या चुलीपुढे सांगायचं?

“येतील,” तुम्ही म्हणता.

*

उघडा डोळे. कानठळ्या बसवणारा हॉर्न, बसचा धूर, केईएम रुग्णालयाकडे निघालेली माणसांची लोंढ्यासारखी गर्दी, हातात फायली, औषधांच्या पिशव्या. एक बाप पाठीवर पोर घेऊन धावतोय. परळच आहे हे, तुमचं आजचं परळ. दंड चोळून बघा. ठणका नाही, पण हात आपोआप तिकडे जातोय.

समोर फाटक आहे. आत तीच जुनी इमारत, तीच मोठी झाडं. फाटकावरची अक्षरं वाचा. 1925 साली, साहेब अजून हयात असताना, या संस्थेला हे नाव दिलं गेलं. हाफकिन.

मावशीशी तुम्ही खोटं बोलला नव्हता.